काकडी-लिंबाचं गार कॉकटेल: घरच्या घरी, मापात

काकडी आणि लिंबू इतके ओळखीचे की त्यांचं कॉकटेल बिघडेल असं वाटतच नाही. पण ते बिघडतं, आणि बहुतेक वेळा एकाच प्रकारे: पेल्यात आंबटगोड मद्य मिळतं, काकडी मात्र कुठे सापडत नाही. काकडीचा वास नाजूक आहे. लिंबू त्याच्यापुढे दांडगं आणि मद्य त्याहून दांडगं. म्हणून खाली दिलेलं प्रत्येक माप आणि कृतीतला क्रम एका हेतूने ठरवलेला आहे: शेवटच्या घोटापर्यंत काकडी कळली पाहिजे. हे एकदा लक्षात ठेवलं की कोणती पायरी टाळली तर चालेल आणि कोणती अजिबात टाळू नये, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

एका पेल्यासाठी साहित्य

काकडी – ६० ग्रॅम (मध्यम जाडीच्या काकडीचा साधारण ५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा)
जिन किंवा व्होडका – ४५ मिलि
ताजा लिंबाचा रस – २० मिलि
साखरेचा साधा पाक – २० मिलि
पुदिन्याची पानं – ६ ते ८
मीठ – अगदी चिमूटभर
साधा सोडा – ६० मिलि, फ्रिजमधला गार
बर्फ – शेकरसाठी (पेय हलवून मिसळायचं झाकणाचं भांडं) ६ ते ८ खडे, पेल्यासाठी वेगळे ताजे खडे

बारमध्ये मोजायला जिगर नावाचं छोटं दुतोंडी माप वापरतात. ते नसेल तर मापाचे चमचे चालतात: मोठा चमचा १५ मिलि, छोटा ५ मिलि. म्हणजे जिन ३ मोठे चमचे, लिंबू आणि पाक प्रत्येकी एक मोठा आणि एक छोटा चमचा. अंदाजाने ओतू नका. एवढ्याशा पेयात ५ मिलि लिंबाचा फरकही जिभेला लगेच कळतो, आणि न मोजता केलेला पेला चांगला जमला तरी तो पुन्हा तसाच करता येत नाही.

शेकर नसला तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा घ्या. काचेची बरणी टाळलेली बरी, कारण आत बर्फाचे खडे जोराने आपटतात. काकडी चेचायला लाटण्याचं टोक पुरतं. बारीक जाळीची गाळणी मात्र हवीच, तिला पर्याय नाही.

काकडी

अख्ख्या काकडीला फारसा वास नसतो. ती कापली किंवा चेचली की पेशी फुटतात, आतली एन्झाइम मोकळी होतात आणि काकडीतल्या मेदाम्लांपासून काही क्षणांत तो ओळखीचा हिरवा वास तयार करतात. या वासात मुख्य वाटा नोनाडायनल नावाच्या संयुगाचा. ते उडून जाणारं आहे, म्हणून चिरून ठेवलेल्या काकडीचा वास हळूहळू मंदावत जातो. त्यामुळे सगळं साहित्य मोजून, पेला गार करून तयार ठेवायचं आणि काकडी अगदी शेवटी कापायची.

याच कारणाने चेचतानाचा क्रमही महत्त्वाचा. बरेच जण काकडी, लिंबू, पाक सगळं एकत्र टाकून चेचतात. आम्लात ही एन्झाइम मंदावतात, म्हणजे वास तयार व्हायच्या आधीच आपण त्याची वाट अडवतो. काकडी आधी एकटी चेचा, अर्धा मिनिट तशीच राहू द्या आणि मगच लिंबू घाला. यात खर्च काही नाही, पण फरक पडतो.

निवडताना बारीक, घट्ट, गडद रंगाची काकडी घ्या. दाबून मऊ लागली तर ती ठेवून द्या. लांबट, पातळ सालीची, जवळजवळ बिनबियांची जात मिळाली तर सर्वांत सोपं. ती सालीसकट वापरता येते आणि सालीमुळे रंगही छान येतो. जाड सालीची, मोठ्या बियांची काकडी असेल तर साल काढा, उभी चिरून चमच्याने बियांचा मधला भाग खरवडून टाका आणि त्यानंतर ६० ग्रॅम मोजा. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात पाणीच जास्त, वास कमी. सालीवर मेणाचा चकचकीत थर असेल तरीही सोलूनच घ्या.

कडूपणाकडे लक्ष हवं. काकडी कडू होते ती कुकुरबिटासिन या द्रव्यांमुळे. ती देठाकडच्या टोकात आणि सालीलगत जास्त साठतात. देठाकडचा दोनेक सेंटिमीटरचा भाग कापून टाका आणि त्यामागची एक पातळ चकती खाऊन बघा. किंचित कडू लागली तर आणखी थोडं कापून पुन्हा चाखा. सगळीच कडू निघाली तर ती काकडी या कामाची नाही. साखर वाढवून हा कडूपणा झाकला जात नाही, उलट मद्यात तो जास्तच उठून दिसतो.

लिंबू

इथे हिरवं, पातळ सालीचं, रसाळ लिंबू अपेक्षित आहे. पिवळं मोठं लिंबूही चालतं, पण त्याची चव गोलसर येते आणि काकडीला हवा तो तीक्ष्णपणा कमी पडतो. एका मध्यम लिंबातून २० ते २५ मिलि रस निघतो, लहान असेल तर जेमतेम १० ते १५ मिलि. ‘एका लिंबाचा रस’ असं माप म्हणूनच या कामाला उपयोगाचं नाही. लिंबू फ्रिजमधून काढून सामान्य तापमानाला येऊ द्या, ओट्यावर तळव्याखाली दाबून दोन-चार वेळा फिरवा आणि आडवं कापा. रस जास्त निघेल.

पिळताना शेवटच्या थेंबासाठी झटू नका. फार दाबलं की सालीचा आणि तिच्याखालच्या पांढऱ्या भागाचा कडूपणा रसात उतरतो. रस काढला की लगेच गाळा. काढून ठेवलेला रस काही तास ठीक राहतो, त्यानंतर त्याचा ताजेपणा जातो आणि हळूहळू कडवटपणाही येतो. कालचा रस आज वापरू नये. बाटलीतला तयार रस आंबटपणा देईल, ताज्या लिंबाचा वास देणार नाही. या पेयात काकडीच्या जोडीला तोच वास हवा असतो.

एक सावधगिरी. लिंबाचा रस किंवा सालीतलं तेल त्वचेवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांत तिथे लाल चट्टे, फोड, पुढे काळे डाग पडू शकतात. सालीतली फ्युरानोकूमरिन नावाची द्रव्यं आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण यांच्या संयोगाने हे होतं. उन्हाळी पेय म्हणून हे बाहेर अंगणात किंवा तलावाकाठी केलं जातं, त्यामुळे हा धोका खरा आहे. लिंबं आत पिळा आणि बाहेर पडण्याआधी हात साबणाने धुवा.

पाक

पाक म्हटलं की तारेचा पाक डोळ्यांपुढे येतो. इथे तसा नको. २०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम पाणी एकत्र करून, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, ढवळायचं आणि गॅस बंद करायचा. साधारण ३२५ मिलि पाक होतो, म्हणजे १६ पेल्यांची सोय. उकळत ठेवला तर पाणी आटतं, पाक घट्ट होतो आणि २० मिलि हे माप मग खरं राहत नाही. वाटीने मोजत असाल तर हे ध्यानात घ्या की वाटीभर दाणेदार साखरेचं वजन वाटीभर पाण्यापेक्षा कमी भरतं, त्यामुळे वाटीला वाटी घेतलेला पाक थोडा कमी गोड होतो. वजनकाटा असेल तर तोच वापरा.

पूर्ण गार झालेला पाक स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे टिकतो. गढूळ दिसला किंवा त्यात धागे तरंगू लागले तर टाकून द्या.

साखर थेट शेकरमध्ये टाकली तर काय होतं? गार मद्यात आणि बर्फात ती नीट विरघळत नाही. वरचे घोट आंबट, आणि तळाशी दाणे. मधाचं पाणी वापरणारेही आहेत, पण मधाचा वास काकडीवर सरळ मात करतो. पहिल्यांदा करताना साधा पांढऱ्या साखरेचाच पाक घ्या.

मद्य कोणतं

जिन ही पहिली निवड. तिच्यातल्या ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा हिरवट, पाइनसारखा वास काकडीच्या वासाशी सहज जुळतो. लंडन ड्राय प्रकारची साधी जिन उत्तम. हेंड्रिक्स ही स्कॉटलंडमधली जिन १९९९ साली बाजारात आली, तिच्यात काकडी आणि गुलाबाचा अर्क असतो. ती असेल तर काकडी आणखी पुढे येते, पण ती नसली म्हणून काही अडत नाही. लिंबू, जिन, पुदिना आणि साखर यांचं साउथसाइड नावाचं जुनं कॉकटेल आहे. त्यात काकडी आली की त्याला ईस्टसाइड म्हणतात. आपण करतोय ते त्याचंच सोडा घातलेलं, उंच पेल्यातलं रूप.

ज्युनिपरचा वास आवडत नसेल तर व्होडका घ्या. तिला स्वतःचा वास जवळजवळ नसल्याने काकडी सर्वांत स्वच्छ लागते. पहिल्यांदाच कॉकटेल करणाऱ्याने व्होडकाने सुरुवात केली तर काकडी, लिंबू आणि पाक यांचा तोल जास्त स्पष्ट कळतो, हा आमचा अनुभवाचा सल्ला. पांढरी टकीलाही जमते. तिच्यासोबत मीठ किंचित वाढवा आणि हवं तर हिरव्या मिरचीची एक पातळ चकती चेचताना घाला. पांढरी रम घेतली तर पाक १५ मिलिवर आणा. पिंपात मुरलेली रम किंवा व्हिस्की यांचा मात्र इथे उपयोग नाही. लाकडाच्या वासापुढे काकडी टिकत नाही.

४० टक्के तीव्रतेच्या ४५ मिलि मद्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सोडा आणि विरघळलेला बर्फ धरून पेला साधारण २०० मिलिचा होतो आणि त्याची तीव्रता ९ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे बिअरपेक्षा चांगलीच जास्त. हे पेय सरबतासारखं झरझर उतरतं, म्हणून हा आकडा ठाऊक असलेला बरा. कायद्याने परवानगी असलेल्या वयाच्या लोकांनाच द्या. ज्याला गाडी चालवायची आहे, जी गरोदर आहे किंवा ज्याचं मद्याशी न जुळणारं औषध चालू आहे, त्यांच्यासाठी पुढे बिनमद्याचा प्रकार दिला आहे आणि तो मन लावून करण्यासारखा आहे.

बर्फ

बर्फ दोन कामं करतो: गार करतो आणि पातळ करतो. दुसरं काम ऐकायला वाईट वाटतं, पण ते लागतंच. बर्फ विरघळताना आलेल्या पाण्याशिवाय लिंबू आणि मद्य दोन्ही जिभेला बोचतात. फक्त हे पाणी हिशेबात असावं लागतं. फ्रीझरमधून थेट काढलेले मोठे, कोरडे, कडक खडे घ्या. वाडग्यात काढून ठेवलेल्या बर्फाच्या अंगावर आधीच पाणी सुटलेलं असतं आणि ते सगळं तुमच्या पेल्यात जातं. बारीक किंवा चुरा बर्फ शेकरमध्ये नको, तो क्षणात विरघळतो.

फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेमधला जुना बर्फ आजूबाजूच्या अन्नाचे वास शोषतो. काकडीसारख्या नाजूक चवीत तो वास लगेच कळतो. एक खडा तोंडात टाकून बघा, शंका असेल तर ताजा बर्फ लावा.

कृती

१. उंच, ३०० ते ३५० मिलिचा पेला दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. सोड्याची बाटली न उघडता फ्रिजमध्ये असू द्या. लिंबाचा रस काढून गाळा, मद्य आणि पाक मोजून ठेवा.

२. सजावटीसाठी सोलाण्याने काकडीची एक लांब, पातळ पट्टी उभी काढून घ्या. उरलेल्यातून ६० ग्रॅम काकडीच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून शेकरमध्ये टाका, वर चिमूटभर मीठ घाला. मीठ काकडीचं पाणी सोडवतं आणि कडूपणाची जाणीव कमी करतं. पेय खारट लागता कामा नये. मीठ घातल्याचं कळलं तर ते जास्त झालं.

३. चेचा. इथे हात आखडू नका. चकत्या पूर्ण मोडून तळाशी हिरवं पाणी जमेपर्यंत, साधारण १५ ते २० वेळा दाबा. मग अर्धा मिनिट थांबा.

४. आता पुदिन्याची पानं घाला आणि त्यांना दोन-तीन वेळा हलकेच दाबा, बस. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या ग्रंथींत असतं, ते हलक्या दाबानेही सुटतं. पानं काकडीसारखी रगडली तर पेयात गवताची कडवट चव येते आणि त्यांचे काळपट तुकडे सगळीकडे फिरतात. पुदिना काकडीनंतर घालायचा तो याचसाठी.

५. लिंबाचा रस, पाक आणि मद्य घाला. बर्फ घालण्याआधी चमच्याच्या टोकाने एक थेंब चाखा. या क्षणी ते जरा जास्तच आंबट, गोड आणि तीव्र लागलं पाहिजे, कारण अजून पाणी यायचं आहे. चव इथेच बेताची वाटली तर पेला पांचट होणार हे नक्की समजा.

६. शेकर बर्फाने दोन तृतीयांश भरा, झाकण घट्ट लावा आणि दोन्ही हातांनी धरून जोराने १२ सेकंद हलवा. बाहेरून धातूवर दव जमून तो पांढुरका होतो, हात गार पडतात. नुसतं डोलवलं तर बर्फ विरघळतो पण हवा मिसळत नाही आणि पेय जड लागतं. १५ सेकंदांच्या पुढे हलवून फारसं गार होत नाही, पाणी मात्र थोडं थोडं वाढत राहतं.

७. पेला फ्रीझरमधून काढा. काकडीची पट्टी आतून काचेला नागमोडी चिकटवा, मग ताजे खडे घाला म्हणजे ती जागेवर राहते. शेकरमधलं पेय बारीक जाळीच्या गाळणीतून ओता. काकडीच्या चोथ्याने गाळणी तुंबते. चमच्याने हलकेच ढवळलं की पेय खाली उतरतं. चोथा दाबून शेवटचे थेंब काढू नका.

८. गार सोडा पेल्याच्या कडेने सावकाश ओता. लांब चमचा तळापर्यंत घालून एकदाच खालून वर उचला. पुदिन्याचं शेंड्याचं डहाळं तळहातांत एकदा थोपटून वर खोचा. पिताना नाक त्याच्याजवळ येतं आणि पहिला वास त्याचाच लागतो. लगेच द्या.

शेकरमध्ये सोडा कधीही घालू नका. हलवल्यावर वायूचा दाब वाढून झाकण उडतं. आणि हलवून झाल्यावर झाकण अडकलं तर घाबरू नका. गारव्याने धातू आकसतो, आतली हवाही आकसते आणि झाकण ओढलं जातं. बाजूने तळव्याचा एक ठोका द्या, नाही निघालं तर झाकणावर काही क्षण कोमट पाणी सोडा.

चव जुळवताना

२० मिलि लिंबू आणि २० मिलि पाक ही सुरुवात आहे. लिंबांचा आंबटपणा सारखा नसतो, म्हणून पाचव्या पायरीतली चव न चुकता घ्या. जास्त आंबट असेल तर पाक ५ मिलिने वाढवा, एकदम १० मिलिने नाही. जास्त गोड झालं तर लिंबूही तसंच ५ मिलिने. या दोघांच्या मागे धावताना दोन्ही ३० मिलिपर्यंत गेले तर थांबा. आंबटगोड तोल साधला असेल, पण काकडी त्याखाली गाडली गेली असेल. अशा वेळी काकडीच्या आणखी चार-पाच चकत्या चेचून घालणं हाच उपाय.

सोड्याऐवजी टॉनिक वॉटर घालणार असाल तर त्यात साखर आणि क्विनाइनचा कडूपणा दोन्ही असतात; पाक ५ ते १० मिलिवर आणा. साखर घातलेल्या लिंबू-चवीच्या थंड पेयाने मात्र हे कॉकटेल संपतंच, ते टाळा.

कुठे चुकतं

पेय पाणचट लागतंय. बर्फ ओला होता, खडे बारीक होते किंवा पेल्यात मोजकेच खडे घातले. शेवटचं कारण सहसा लक्षात येत नाही: पेला बर्फाने भरलेला असेल तर सगळे खडे मिळून गारवा टिकवतात आणि सावकाश विरघळतात, दोनच खडे असतील तर ते पटकन संपतात. सोडा गार नसणं हेही मोठं कारण. कोमट सोडा बर्फ वितळवतो आणि स्वतःचा वायूही लवकर सोडून देतो, कारण कार्बन डायऑक्साइड गार पाण्यात जास्त विरघळलेला राहतो.

काकडी कळतच नाही. बहुधा नुसत्या चकत्या टाकून हलवल्या, चेचल्या नाहीत. किंवा काकडी दुपारीच चिरून ठेवलेली होती. किंवा मध, आलं, फार मसालेदार जिन असं काहीतरी वरचढ आलं.

मागून कडवट चव येते. आधी काकडी चाखली होती का ते आठवा. नसेल तर तीच. असेल तर पुदिना रगडला गेला, किंवा लिंबू फार पिळलं. कडूपणा घोटाच्या सुरुवातीला न येता मागाहून जिभेवर रेंगाळत असेल तर लिंबाचा किंवा काकडीचा, आणि हिरवट, गवतासारखा असेल तर पुदिन्याचा.

पेल्यात हिरवे कण तरंगतात. शेकरच्या झाकणातल्या भोकांमधून गाळलं तर हेच होणार. बारीक गाळणी लावा. चव बिघडत नाही, पण कण दातांत येतात आणि पुदिना काळा पडत जातो तसा पेलाही मळकट दिसतो.

सगळं बरोबर करूनही चव सपाट लागत असेल तर मीठ विसरलं असेल. रोज करणाऱ्यांनी २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवावं. पेल्याला दोन-तीन थेंब पुरतात आणि चिमटीचा अंदाज चुकत नाही.

सहा जणांसाठी

सहा वेळा शेकर हलवण्यापेक्षा बाटलीत तयार करून ठेवणं शहाणपणाचं. पण एक गोष्ट आठवणीने करायची: शेकरमधल्या बर्फाचं जे पाणी पेयात उतरतं, ते आता आपल्यालाच घालायचं आहे.

जिन २७० मिलि, पाक १२० मिलि आणि गार पाणी १५० मिलि एक लिटरच्या बाटलीत एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. हे आदल्या दिवशीही चालेल. लिंबाचा १२० मिलि रस पाहुणे येण्याच्या तास-दोन तास आधी काढून त्यात घाला. काकडी सर्वांत शेवटी: ३०० ग्रॅम काकडीचे तुकडे मिक्सरमध्ये थांबत-थांबत काही सेकंद फिरवा, स्वच्छ कापडातून पिळून १५० मिलि रस मोजून घ्या, त्यात दोन-तीन चिमटी मीठ घालून बाटलीत ओता आणि बाटली उलटसुलट करून मिसळा. मिक्सर सलग फिरवला तर फार फेस होतो आणि भांडं तापतं.

प्रत्येक पेल्यात बर्फ भरून १३५ मिलि मिश्रण आणि ६० मिलि सोडा. पुदिना बाटलीत घालू नका, तो काळा पडतो. पेल्यात थोपटलेलं डहाळं पुरेसं आहे. सोडाही पेल्यातच, जगमध्ये नाही.

मद्याविना

नुसतं मद्य वगळून बाकी तेच ठेवलं तर पेय पातळ आणि पोकळ लागतं, कारण मद्याचा घशाला जाणवणारा चटका आणि भरीवपणा दोन्ही जातात. म्हणून काकडी ८० ग्रॅम करा, तिच्यासोबत आल्याची एक पातळ चकती चेचा. तो चटका आलं भरून काढतं. इथे आलं चालतं कारण वासावर मात करायला मद्य नाही, पण चकती एकच. लिंबू २० मिलि, पाक १५ मिलि, मीठ आणि पुदिना तसाच. शेकरमध्ये ८ सेकंदच हलवा. मद्याशिवायच्या मिश्रणात बर्फ लवकर पाणी करतो आणि ते शून्याच्या फारसं खाली जातही नाही. वरून १२० मिलि सोडा.

काकडीत मुरवलेली जिन

चेचणं नकोच वाटत असेल किंवा काकडी आणखी ठळक हवी असेल तर ५०० मिलि जिनमध्ये सोललेल्या, बिया काढलेल्या १५० ग्रॅम काकडीच्या चकत्या टाकून बाटली फ्रिजमध्ये ठेवा. सहा तासांनी चाखा, हवी तितकी चव उतरली की गाळा. २४ तासांपुढे नेऊ नका. चकत्या मऊ पडतात आणि ताज्या वासाची जागा शिळा, भाजीसारखा वास घेतो. काकडी आपलं पाणी जिनमध्ये सोडते, त्यामुळे तिची तीव्रता थोडी उतरते. कॉकटेल करताना ४५ ऐवजी ५० मिलि घ्या. गाळलेली जिन फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात संपवा.